नमुना क्रमांक ४१२, स्वरूप घन

काटेताईंचं आडनाव काटे नव्हतं. पण सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत वजनकाट्यासमोर बसल्यावर माणसाचं खरं आडनाव विचारतो कोण? पगाराच्या यादीत वेगळंच काही छापून यायचं, आणि ते वाचून नवे लोक म्हणायचे, ही कोण बाई, कधी दिसली नाही. बाई समोरच बसलेली असायची, काचेच्या पेटीतल्या काट्याकडे बघत, श्वास रोखून.

श्वास रोखून म्हणजे खरोखरच रोखून. त्या काट्याला दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत दिसायचं. कुणी शिंकलं की आकडा बदलला, दार आपटलं की बदलला, साहेबांचा आवाज चढला तरी बदलला. म्हणून त्या एका खोलीत साहेबसुद्धा हळू बोलायचे. बाईंनी ही सवय घरी नेली आणि घरातून गल्लीत. भाजीवाला अर्धा किलो म्हणाला की या विचारणार, म्हणजे नक्की किती? दूधवाला तर त्यांना लांबून पाहिलं की सायकल वळवून दुसऱ्या बोळात घालायचा.

त्यांचं काम होतं ताकदीचे डबे तपासायचं. खेळाडू पितात ना त्या भुकट्या, व्यायामाआधीच्या गोळ्या, व्यायामानंतरच्या गोळ्या, व्यायाम न करताच घ्यायच्या गोळ्या, ते सगळं. प्रश्न दोनच असायचे. डब्यावर लिहिलंय ते आत आहे का, आणि लिहिलेलं नाही असं काही आत आहे का. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ यायचं आणि दुसऱ्याचं ‘बरंच काही’. चपळाईची एक गोळी आली होती, तिच्यात सात कप कॉफीचा ऐवज निघाला. ती घेणारा पळायचा हे खरं, पण थांबणं त्याच्या हातात उरायचं नाही. बाईंनी तेवढं लिहिलं, सही केली आणि पुढची बरणी ओढली. कुणाचा डबा बंद पडला, कुणाचा धंदा बुडाला, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

सोयरसुतक होतं ते एकाच माणसाचं, आणि तो घरी होता. त्यांचा भाऊ. चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ताई वीस वर्षांच्या, तेव्हा पुढचं कुणी वेगळं सांगायला नको. लहानपणी इतका किडकिडीत, की गल्लीनं थट्टेनं नाव ठेवलं पैलवान. नाव चिकटलं, अंग काही धरेना. एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानात चारशे लोकांसमोर पळता पळता चक्कर येऊन पडला, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवा झाला. आठ महिने. ताईंनी त्या आठ महिन्यांत त्याची पाठ पाहिली, तोंड पाहिलं नाही. नंतर उठला, गोदामात कामाला लागला, पण मान खाली घालून चालायचा आणि दुकानात गेला तर सुट्टे पैसेही मागायचा नाही.

आणि मग तिसाव्या वर्षी कुणीतरी त्याला तो डबा दिला. निळा डबा, वर सोनेरी वाघ. रोज सकाळी दोन चमचे, पाण्यातून. सहा महिन्यांत पैलवान व्यायामशाळेत जायला लागला, वर्षात छाती भरली, दुसऱ्या वर्षी तो वजन उचलायच्या स्पर्धेत उतरला, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी दुसरा आला. मान वर झाली. दुकानदाराशी हुज्जत घालायला लागला. डबेवाल्या शेठनं त्याचा फोटो मोठ्ठा करून व्यायामशाळेच्या भिंतीवर लावला, खाली लिहिलं, ‘हे सगळं डब्यामुळे’. पैलवान तो फोटो बघायला ताईंना दोनदा घेऊन गेला. ताईंनी डबा कधी तपासला नाही. घरचं माणूस आणि घरचं दूध यांची परीक्षा घेऊ नये, असं त्या म्हणायच्या. पण खरं सांगायचं तर त्या घाबरत होत्या.

एका सोमवारी नमुना क्रमांक ३९७ त्यांच्या टेबलावर आला. पांढरी बरणी, वर नुसता आकडा. माल कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, असा नियमच आहे. कुणा गिऱ्हाइकाची तक्रार होती, की वजन वाढलं पण सगळं पोटाचंच. बाईंनी झाकण उघडलं आणि नियमाचे तीनतेरा वाजले. व्हॅनिलाचा वास आणि त्याच्या मागून ओल्या पुठ्ठ्याचा. चार वर्षं रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात येणारा वास.

त्या उठून सरळ साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हा नमुना मला नको, माझा भाऊ हेच पितो. साहेब नियमाचा माणूस. त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा चढवला आणि निवाडा दिला, की भाऊ माल बनवत नाही, विकत नाही, नुसता पितो. पिणाऱ्याच्या नातेवाइकानं तपासायचं नाही असं म्हटलं, तर उद्या पाणी कोण तपासणार? बाई परत येऊन बसल्या.

आता प्रथिनं मोजायची जुनी रीत अशी, की प्रथिनं मोजायचीच नाहीत. त्यांच्यातलं नत्र मोजायचं आणि त्यावरून प्रथिनं धरायची. हे लबाडांना सगळ्यांच्या आधी ठाऊक. ते पिठात नत्र असलेलं काहीतरी स्वस्तातलं रसायन ढकलतात, आणि यंत्र खूश. पहिल्या चाचणीत सत्तर टक्के आले. घरच्या डब्यावरही सत्तरच लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना वाटलं, इथेच थांबावं, झाकण लावावं, घरी जावं. पण हात ऐकेनात. त्यांनी दुसरी चाचणी लावली, प्रथिनांचे तुकडे एकेक करून मोजणारी. तीन पूर्णांक एक टक्का. बाकी मक्याचा स्टार्च, साखर आणि वास. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर किड्यांचे पाय दिसले, धान्यात पडतात त्या किड्यांचे. म्हणजे त्या तिनातलाही थोडा भाग किड्यांचा होता. भावानं चार वर्षं जे काही प्रथिन खाल्लं असेल, त्यात हे बिचारे जीव तरी प्रामाणिक होते.

बाईंनी अहवाल लिहिला आणि सही केली. घरी गेल्या तेव्हा पैलवान आरशासमोर दंड बघत होता. येत्या रविवारी स्पर्धा होती. अहवाल गुप्त असतो, म्हणून त्या बोलल्या नाहीत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हा डब्याच्या जोरावर उभा आहे, डबा काढला तर परत भिंतीकडे तोंड करेल, ही खरी भीती होती, आणि ती काही नियमात बसत नव्हती.

अहवाल शेठकडे पोहोचला आणि चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. शेठनं वकील गाठला, वकिलानं नियमांचं पुस्तक उलथंपालथं केलं, आणि त्याला कलम नऊ सापडलं. हरकत असल्यास पक्षकारानं तोच पदार्थ, ग्राहकाकडे ज्या स्वरूपात आढळेल त्या स्वरूपात, फेरतपासणीसाठी आणून द्यावा. कुण्या जमान्यात कुण्या साहेबानं अर्धवट खाल्लेल्या बिस्किटांसाठी हे लिहून ठेवलं असेल. वकिलानं विचार केला, ग्राहकाकडे हा पदार्थ कोणत्या स्वरूपात आढळतो?

गुरुवारी सकाळी अकराला शेठ नमुन्यांच्या खिडकीवर आला. बरोबर पैलवान, इस्त्रीच्या शर्टात. चाळीस डबे याच्या अंगात आहेत, शेठ म्हणाला, हाच नमुना, घ्या तपासून.

खिडकीवर आवककाका बसायचे. निवृत्तीला दहा महिने राहिलेले, आणि उरलेले दिवस भांडणाशिवाय काढायचे असं ठरवलेलं. त्यांनी वर पाहिलं नाही, फॉर्म ओढला आणि विचारायला सुरुवात केली. नमुन्याचं स्वरूप, घन की द्रव की भुकटी? शेठ म्हणाला घन. काकांनी घन लिहिलं. वजन? मालाच्या काट्यावर उभा केला, एक्क्याण्णव किलो दोनशे, आवेष्टनासह. उत्पादनाची तारीख विचारल्यावर पैलवाननं वाढदिवस सांगितला. वापरायची शेवटची मुदत या रकान्यापाशी काका जरा थबकले, त्यांनी पैलवानकडे चष्म्यावरून पाहिलं आणि लिहिलं, नमूद नाही. सील आहे का? नाही, तोंड उघडं. मग त्यांनी ४१२ क्रमांकाची चिठ्ठी काढली, जिभेला लावली आणि पैलवानच्या खिशावर थापटून चिकटवली. चिठ्ठी लागली की संपलं. प्रयोगशाळेत एकदा क्रमांक पडला की ब्रह्मदेव आला तरी नमुना परत जात नाही.

पुढे तर गंमतच. घन नमुना आला की त्याचे चार भाग करायचे, दोन तपासायला, एक पक्षकाराला, एक तीन वर्षं जपून ठेवायला. साहेबांनी यातून लेखी सूट दिली, पण द्यायला अर्धा तास लावला. नमुना थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवायचा, म्हणून पैलवानला बरण्यांच्या खोलीत स्टुलावर बसवलं. त्याला खायला-प्यायला देणं म्हणजे नमुन्यात भेसळ, म्हणून तेही बंद. दुपारी आवककाकांना दया आली आणि त्यांनी त्याला कपभर चहा दिला. मग इमानेइतबारे नोंद केली, ‘नमुन्यात भर, द्रव, शंभर मिलिलिटर, साखरेसह’.

काटेताईंना हे कळलं ते ४१२ क्रमांकाचा कागद टेबलावर आला तेव्हा. स्वरूप घन, वजन एक्क्याण्णव किलो दोनशे. एवढं मोठं काय आलं म्हणून त्या बरण्यांच्या खोलीत गेल्या, तर दोन फळ्यांच्या मध्ये भाऊ.

“ताई, तू?” तो म्हणाला. “तू तर तेलं तपासतेस ना?”

ताईंनी चार वर्षं हेच सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्याला म्हणाल्या, शर्टावरची ती चिठ्ठी काढ आणि मागच्या दारानं घरी जा. तो हसला. म्हणाला, कुणीतरी मूर्खानं डब्याबद्दल खोटा अहवाल लिहिलाय, शेठ म्हणाले तू नुसता येऊन उभा राहा, तुला बघून त्यांची तोंडं बंद होतील. त्या मूर्खाच्या बहिणीचा, आईचा त्यानं उद्धार केला नाही, एवढं नशीब. ताई बाहेर आल्या आणि मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

साहेबांचं डोकं एव्हाना नियमात पुरतं गुंतलं होतं. डब्याचा दावा ताकदीचा, म्हणजे सक्रिय घटक ताकद, म्हणजे नमुन्यातली ताकद मोजायची. पण ती डब्याची की नमुन्याची, हे कसं ठरवणार? तुलनेला काहीतरी हवं. बाईंनी रीत सुचवली. झाकणाचे तीन पेले घ्यायचे. एकात डब्यातली भुकटी, दोनांत साधं तांदळाचं पीठ, त्यातही तोच वास आणि तीच साखर. पिणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्याला ठाऊक नाही. प्रत्येक पेल्यानंतर तेवढंच वजन उचलायचं, किती वेळा ते मोजायचं. कोणत्या पेल्यात काय, ते बाई कागदावर लिहून लिफाफा साहेबांच्या हाती देणार. शेठ लगेच तयार झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

नमुन्यानं रात्र बरण्यांच्या खोलीतच काढली. शुक्रवारी व्यायामशाळेतून टेम्पोत घालून दांडा आणि लोखंडी तबकड्या आल्या, मागच्या अंगणात मांडल्या. इथे काटेताईंनी कुणी न सांगता एक उद्योग केला. त्यांनी तबकड्यांचं वजन केलं. करणारच. वीस किलो लिहिलेली तबकडी अठरा किलो नऊशे भरली, दुसरी एकोणीसला चाळीस ग्रॅम कमी. सगळ्याच हलक्या. त्यांनी खडूनं प्रत्येक तबकडीवर खरा आकडा लिहिला, आणि लिहून झाल्यावर मान वर केली तर भाऊ बघत होता. तो चार वर्षं जे एकशे ऐंशी म्हणून उचलत होता, ते एकशे एक्काहत्तरच्या आसपास होतं. बाईंना स्वतःचा असा राग आला, की खडू हातात मोडला.

पेले आले. तांदळाचं पीठ बाईंनी स्वतःच्या घरून आणलं होतं, कारण प्रयोगशाळेत पीठ मागवायचं तर तीन ठिकाणची दरपत्रकं लागतात. पैलवाननं पहिला पेला रिकामा केला, अर्धा तास थांबला, दांड्याला हात घातला आणि अकरा वेळा उचलला. खाली ठेवून ओरडला, हाच डबा, अंगात आग शिरली. दुसऱ्यानंतर दहा. तिसऱ्यानंतर आठ, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, हे नुसतं पीठ, घशाखाली उतरेना. शेठनं टाळ्या वाजवल्या. आवककाकांनी अकरा, दहा, आठ हे आकडे रकान्यात भरले.

साहेबांनी लिफाफा फोडला, चष्मा चाचपला, तो वर त्यांच्या खोलीतच राहिला होता. म्हणून कागद त्यांनी बाईंच्या हातात दिला. बाई, तुम्हीच वाचा.

कागदावर त्यांचंच अक्षर. साहेबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, शेठला दुरून दिसत नव्हतं. पहिला डबा, दुसरं पीठ, तिसरं पीठ, एवढं बोलायचं, की सगळे खूश होऊन घरी. भाऊ समोर उभा, घामानं निथळत, खिशावर ४१२ची चिठ्ठी, आणि तोंडावर लहान मूल जत्रेतून येतं तसा आनंद. बाईंनी तोंड उघडलं. खोटं जिभेवर आलं होतं, अगदी टोकावर आलं होतं. पण असल्या डब्यांसाठी कुठल्या कुठल्या घरातली माणसं पोटाला चिमटा घेत असतील हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याहून खरं कारण असं, की चुकीचा आकडा वाचायला त्यांना येतच नव्हतं.

“पहिला पीठ,” त्या म्हणाल्या. “दुसरा पीठ. तिसरा डबा.”

मग शेठ उसळला. म्हणाला, ही तुलनाच अन्यायाची आहे. बाईंनी घरचं पीठ आणलं, त्या पिठात आमच्या डब्याच्या दुप्पट प्रथिनं असतात. साहेबांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, हे तुम्ही लेखी देता का? वकिलानं शेठच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. आवककाकांनी वाक्य उतरवून घेतलं होतं, वेळेसकट.

पैलवान एवढंच म्हणाला, “तो मूर्ख तू होतीस?” ताईंनी मान हलवली. तो अंगणातच, दांड्याशेजारी खाली बसला.

तरी त्याला घरी जाता येईना, कारण तपासणी संपली की नमुन्याचं काय केलं ते लिहावं लागतं. नष्ट करणे किंवा पक्षकाराला परत, असे दोनच रकाने. शेठ म्हणाला, मला परत नको, आता हा काय कामाचा? मग काकांनी पुस्तक चाळून तोडगा काढला, की नमुना कर्मचाऱ्याच्या ताब्यात देता येतो, पावती घेऊन. काटेताईंनी भावाची पावती लिहिली. नमुना मिळाला, एक नग. स्थितीचा रकाना त्यांनी सगळ्यात शेवटी भरला. त्यांनी लिहिलं, बाहेरून ठीक.

घरी येऊन पैलवान पलंगावर आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

शनिवार तसाच गेला. ताईंनी हाक मारली, ताट ठेवलं, ताट उचललं. एकदा तर चिडून त्या पाठीला म्हणाल्या, अरे, अकरा वेळा उचललंस ना, तांदळाच्या पिठावर? मग कुणी उचललं ते? पाठ हलली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्या स्वयंपाकघरात गेल्या, निळा डबा उचलला, फेकायला निघाल्या आणि परत फळीवर ठेवला. त्यांना वाटलं, काय झालं असतं एकदा खोटं बोलले असते तर? सव्वीस वर्षांत एक. आकाश कोसळलं असतं का?

रविवारी सकाळी, स्पर्धेला चार तास असताना, भिंतीकडून आवाज आला.

“ताई, तुमच्या मापात चूक किती धरतात?”

ताई दारातच थांबल्या. म्हणाल्या, चाचणीवर असतं, आणि माणसाच्या चाचणीची चूक आजवर कुणी काढलेली नाही. तो म्हणाला, मग काढ. दुसरी कुणी बाई असती तर अंदाजानं काहीतरी सांगून मोकळी झाली असती. यांनी कागद घेतला, पलंगाच्या कडेला बसल्या, अकरा, दहा, आठ मांडले, थकव्याचे वजा केले, तबकड्यांचा फरक धरला, चहाचे शंभर मिलिलिटरही धरले. वीस मिनिटं पेन्सिलीचा आवाज येत होता.

“शंभरात पाच,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे पाच टक्के डब्याचे असू शकतात.”

“असू शकतात. शून्यही असू शकतात.”

“आणि बाकीचे पंच्याण्णव?”

“ते तुझे. ते कसेही मोजले तरी तुझेच.”

पैलवाननं कूस बदलली. दोन दिवसांची दाढी, सुजलेले डोळे, पण तोंड होतं. त्यानं विचारलं, भात आहे का? ताईंनी न मोजता वाढला.

स्पर्धेच्या सभागृहात ताई तिसऱ्या रांगेत बसल्या. तिथल्या तबकड्या खऱ्या होत्या, पंचांनी काट्यावर घालून दाखवल्या. शेठची माणसं आली नव्हती, भिंतीवरचा फोटोही आदल्या दिवशीच उतरवला होता. एकशे साठ पैलवाननं उचलले. एकशे सत्तर उचलले, गुडघे कापत, पण उचलले. एकशे ऐंशीला दांडा नडगीपर्यंत आला, तिथे क्षणभर थांबला आणि धाडकन खाली गेला. तो तिसरा आला. दोन वर्षं दुसरा येणारा माणूस तिसरा आला, आणि बक्षीस घेताना त्याच्याकडे कुणी धड बघितलंही नाही.

घरी येताना तो चार पावलं पुढेच चालत होता. ताई मागून, त्याच्या पाठीकडे बघत. घरात शिरून तो सरळ पलंगापाशी गेला आणि बसला. ताई दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. आता आडवा होईल, आता पाठ करेल, आणि या वेळी त्याला सांगायला आपल्याकडे एकही आकडा नाही.

पैलवाननं पदक हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

“दुसरा आलो होतो ना, दोन्ही वर्षी,” तो म्हणाला, “तेव्हा खाली उतरलो की लोक विचारायचे, कोणता डबा? आज कुणी काही विचारलं नाही.” मग ताईंकडे बघून, अगदी हळू, “म्हणजे आज हरलो तो मीच हरलो ना, ताई?”

ताईंना रडू फुटलं. त्या रडत रडत म्हणाल्या, “हो रे बाळा. तूच. सगळाच्या सगळा तूच हरलास.”

आणि पैलवान हसायला लागला.